आईंचं ‘नको’ आणि आमची तक्रार

गेले चार महिने एका तक्रारीत गेले. आता जरा श्वास घेतला आहे म्हणून सविस्तर लिहिते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येक मराठी घराने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. १९७० च्या दशकात सासऱ्यांच्या नोकरीमुळे इकडे आल्या, पन्नास वर्षं इथे संसार केला, दुकानात काम केलं, शेजारणींशी इंग्रजीत गप्पा मारल्या. डिमेन्शियाने, म्हणजे स्मृतिभ्रंशाने, आधी ती इंग्रजीच नेली. आता उरली आहे ती त्यांची लहानपणची साताऱ्याकडची मराठी. त्या स्वतःच्या घरी राहतात, आमच्यापासून दहा मिनिटांवर. दिवसातून चार वेळा एजन्सीची केअरर, म्हणजे घरी येऊन देखभाल करणारी बाई, येते. ही सेवा कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेने, लावून दिलेली आहे. बचत २३,२५० पौंडांच्या आत असेल तर कौन्सिल खर्चातला वाटा उचलते, आणि घरी राहून सेवा घेताना राहतं घर हिशेबात धरत नाहीत. त्यांना किती द्यावं लागेल ते मग उत्पन्न आणि बचत पाहून ठरतं.

जानेवारीत त्यांचे ब्लाउज ढगळ व्हायला लागले. विचारलं, “आई, जेवलात का?” तर “हो गं, जेवले की.” मग मी स्वयंपाकघरातली केअररची नोंदवही काढून बसले. दुपारच्या नोंदी एकामागून एक सारख्याच: ‘जेवण विचारलं, नकार दिला.’ तीन आठवड्यांत १९ वेळा.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दुपारी तिथे जाऊन थांबले. केअरर आली. झिम्बाब्वेची, पंचविशीतली, हसतमुख पोर. सासूबाईंचा चेहरा तिला पाहून खुलला. तिने विचारलं, “लंच, ममा?” सासूबाई म्हणाल्या, “नको गं बाई, तू खाल्लंस का काही?”

त्या पोरीने ‘नको’ ऐकलं. त्यातला ‘नो’ तिला नीट कळला, पुढचं काहीच कळलं नाही. तिने मान डोलावली, गोळ्या दिल्या, वहीत लिहिलं आणि बाराव्या मिनिटाला ती बसस्टॉपकडे पळाली. मंजूर वेळ अर्ध्या तासाची. पण तिच्या दिवसाच्या वेळापत्रकात एका घरातून दुसऱ्या घरी जायला वेळच धरलेला नव्हता.

आपल्याकडची त्या पिढीतली बाई पहिल्या आग्रहाला कधी ‘हो’ म्हणते का? पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘अगं, अर्धीच वाढ’, आणि मग पोटभर जेवते. बुद्धी गेली तरी ही रीत गेलेली नाही. मला हे दिसलं आणि पोटात खड्डा पडला. १९ दुपारी बाई उपाशी बसली होती, आणि वहीत एकही नोंद खोटी नव्हती.

एजन्सीला फोन केला. मॅनेजर गोड बोलली. आठवड्याने ईमेल आली: ‘तुम्हाला असं वाटलं याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ मला वाटलं? वजनकाटा काय दाखवत होता ते मी सांगितलं होतं, माझ्या वाटण्याचं काही सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी केलं काय, तर त्या पोरीला आमच्या घरावरून काढलं. सासूबाई रोज विचारायच्या, “ती पोर कुठं गेली?” काय सांगणार होते मी? माझी तक्रार त्या पोरीविरुद्ध नव्हतीच. परदेशातून आलेल्या अशा मुलींचा व्हिसा मालकाच्या नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की राहणंही धोक्यात येतं. तक्रारीचं उत्तर म्हणून सगळ्यात खालच्या माणसाला हलवायचं आणि वेळापत्रक आहे तसं ठेवायचं, याला मी तक्रार सोडवणं म्हणणार नाही. हा अन्याय आहे, आणि माझ्या फोनमुळे तो तिच्यावर झाला, हे मला अजून खुपतं.

मग मी कौन्सिलकडे गेले. हे मी आधीच करायला हवं होतं. सेवा कौन्सिलने लावली असेल तर काम एजन्सीने केलं तरी जबाबदारी कौन्सिलचीच राहते. ‘तुम्ही एजन्सीशीच बोला’ म्हणून कौन्सिलला हात झटकता येत नाहीत. इंग्लंडमध्ये यासाठी २००९ चे नियम आहेत आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहेत. तक्रार तोंडी केली तरी चालते. ती लिहून घेऊन तिची प्रत तुम्हाला देणं हे त्यांचं काम आहे. तीन कामकाजी दिवसांत पोच द्यावी लागते. आणि मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे चौकशी कशी करायची आणि किती दिवसांत, हे तक्रार करणाऱ्याशी बोलून ठरवण्याची तयारी त्यांना दाखवावीच लागते. घटनेपासून, किंवा ती कळल्यापासून, एका वर्षाच्या आत तक्रार करायची असते.

कौन्सिलच्या तक्रार अधिकारी बाईंनी मला फोनवर विचारलं, “यातून काय व्हायला हवं आहे तुम्हाला?” मला रडू आलं. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आईंनी जेवावं. आणि त्या मुलीला शिक्षा होऊ नये.

त्यांनी केअररच्या फोनवरच्या येण्या-जाण्याच्या वेळा काढल्या आणि कौन्सिलने पैसे भरलेल्या वेळांशी ताडून पाहिल्या. एका दुपारी त्या स्वतः येऊन आमच्या टेबलाशी बसल्या. निष्कर्ष स्पष्ट लिहिला: केअररने जे ऐकलं ते लिहिलं. पण लागोपाठ नकाराच्या नोंदी साठत असताना त्या वाचून कुणाला काळजी वाटली नाही, ही देखरेखीची चूक आहे.

मला तर वाटतं, त्या १९ नोंदी हीच सासूबाईंची तक्रार होती. त्यांना ईमेल लिहिता येत नाही, फोन लावता येत नाही. त्यांचं शरीर बोलत होतं आणि ते वहीत रोज नोंदलंही जात होतं. आपली व्यवस्था मात्र इंग्रजी येणारी, रजा टाकू शकणारी सून उगवेपर्यंत थांबली. ज्या म्हाताऱ्या बाईला अशी सून नाही, तिच्या वह्या कोण वाचतं?

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचा छळ चालला होता. तिथल्याच एका वरिष्ठ नर्सने व्यवस्थापनाला कळवलं, देखरेख करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनला कळवलं. कुणी हललं नाही. मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं तेव्हा जग हललं. पुढे ११ जणांना शिक्षा झाली.

या कमिशनबद्दल एक गैरसमज आपल्या लोकांत फार आहे. त्यांना जरूर कळवा, तपासणीच्या वेळी त्यांना त्याचा उपयोग होतो. पण तुमच्या एकट्याच्या तक्रारीचा निवाडा ते करत नाहीत. तो करतो ओम्बड्समन, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारा स्वतंत्र अधिकारी, आणि तोही फुकट. आधी एजन्सीला किंवा कौन्सिलला उत्तराची संधी द्यायची, समाधान झालं नाही तर तिथे जायचं. स्वतःच्या पैशाने सेवा घेणाऱ्यांनाही २०१० पासून हा दरवाजा उघडा आहे.

आमच्या मराठी मंडळात एका काकूंनी मला बाजूला घेतलं. काकांच्या दंडावर दोनदा काळेनिळे डाग दिसले होते. “पण बोलले तर सेवा बंद करतील गं.” काकू, तुम्ही हे वाचत असाल तर पुन्हा सांगते: अशा वेळी तक्रारीचा फॉर्म भरत बसू नका. त्याच दिवशी कौन्सिलच्या सेफगार्डिंग विभागाला, म्हणजे छळ किंवा हेळसांडीपासून संरक्षण देणाऱ्या विभागाला, फोन करा. २०१४ च्या केअर कायद्याने चौकशी करणं त्यांना बंधनकारक आहे. फोन लावताना मी शेजारी बसते.

आमच्याकडे आता दुपारची वेळ ४५ मिनिटांची झाली आहे. केअर प्लॅनमध्ये लिहिलं आहे: विचारू नका, ताट समोर ठेवा, शेजारी बसा आणि ‘थोडंसं’ म्हणा. तो शब्द रोमन लिपीत लिहून फ्रिजवर चिकटवला आहे. नवी केअरर ‘थोरासा’ म्हणते. सासूबाई म्हणतात, “बरं, अर्धी दे.” मग दोन पोळ्या जेवतात.

ती झिम्बाब्वेची पोर परत आली नाही, तिला दुसऱ्या भागात टाकलं. तिची चूक नव्हती, असं पत्र मी एजन्सीला दिलं आहे, सोबत कौन्सिलच्या निष्कर्षाची प्रतही. ते पत्र तिच्या फाइलला लावलं का, याचं लेखी उत्तर मी दर सोमवारी मागते. उद्या पुन्हा सोमवार आहे.