‘दोन तास नुसती बटणं बडवली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

शनिवारी तुम्ही आणि तुमचा मित्र आमच्या गेम झोनमध्ये ‘राईज : सन ऑफ रोम’ हा रोमन सैनिकाच्या तलवारबाजीचा एक्सबॉक्स गेम दोन तास खेळलात आणि आम्हाला दोन स्टार दिलेत. मुख्य तक्रारी चार आहेत. गेम म्हणजे नुसती बटणं बडवणं. बटण वेळेवर दाबलं तरी हिरो मार खातो आणि हेल्थ भरतच नाही. दोन कंट्रोलरचे पैसे घेतले, पण दोघांना खेळता आलं नाही. आणि नीरो नि कॉमोडस हे वेगवेगळ्या काळातले रोमन सम्राट बाप-लेक म्हणून एकत्र दाखवून इतिहासाची वाट लावली. यात आमच्या चुका आहेत, त्या आधी सांगतो.

दुसऱ्या कंट्रोलरचे ४० रुपये परत देऊ, काउंटरवर फक्त बिल दाखवा. राईजमध्ये दोघांनी मिळून खेळायचा ग्लॅडिएटर मोड आहे, पण तो ऑनलाइन चालतो. एकाच टीव्हीवर स्क्रीन वाटून खेळायची सोय या गेममध्ये मुळातच नाही, आणि कथा तर एकट्यानेच खेळायची आहे. दोघांना कोलोसियममध्ये, म्हणजे रोमच्या त्या मोठ्या आखाड्यात, एकत्र उतरायचं असेल तर दोन एक्सबॉक्स, दोन टीव्ही, दोन अकाउंट आणि दोन्हीकडे गेम लागतो. आमच्या फलकावर ‘२ प्लेअर’ लिहिलेलं होतं ते चूक होतं. काढून टाकलं.

आता टीव्ही. तुम्ही बसलात तो तीन नंबरचा टीव्ही तपासला. पिक्चर मोड ‘सिनेमा’वर होता आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू होती. ही सेटिंग दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची जादा चित्रं घालते. त्यासाठी टीव्हीला पुढचं चित्र येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून सगळंच उशिरा दिसतं. पिक्चर पाहताना हे कळत नाही. पण एक्सबॉक्स वनवर राईज सेकंदाला ३० फ्रेमवर (म्हणजे ३० चित्रांवर) चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले की शत्रूची तलवार तुम्हाला तीन फ्रेम उशिरा दिसते. तुम्ही वेळेवरच दाबत होतात, दाखवणारा उशीर करत होता. हा दोष पूर्णपणे आमचा, म्हणून दोन तासांपैकी एका तासाचे पैसेही परत.

घरी खेळणाऱ्यांनीही हे बघून घ्यावं. टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ चालू करायचा, आणि तो बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा असतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की तो पुन्हा चालू करावा लागतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. साफसफाईनंतर केबल पोर्ट एकमधून दोनमध्ये गेली होती.

बटणं बडवण्याच्या मुद्द्यावर मात्र आमचं म्हणणं वेगळं आहे. कंट्रोलरवरचं एक्स बटण म्हणजे तलवार, वाय म्हणजे ढालीचा धक्का, ए म्हणजे वार अडवणं, बी म्हणजे बाजूला होणं. नुसता एक्स दाबत राहिलात तर पहिल्या भागातले साधे शत्रू पडतात, आणि तिथेच चुकीची सवय लागते. ढालवाला समोर आला की तलवार ढालीवरच आपटत राहते आणि तेवढ्यात पाठीमागचा हाणतो. ढालवाल्याला आधी वाय. ढाल बाजूला झाली की मग एक्स, एक्स. धिप्पाड गडी असेल तर वाय दाबून धरायचा, म्हणजे जोरदार धक्का बसतो. आणि घोळक्यात उभं असताना नजर समोरच्या माणसावर ठेवू नका, ज्याचा हात वर गेलाय त्याच्यावर ठेवा. हात खाली येताना ए.

शत्रू पुरेसा खिळखिळा झाला की त्याच्या डोक्यावर कवटीचं चिन्ह येतं. तेव्हा आरटी (कंट्रोलरचा उजवा ट्रिगर) दाबायचा, की शेवटचा घाव सुरू होतो. वेग मंदावतो आणि शत्रूचं अंग निळं किंवा पिवळं चमकतं. निळं म्हणजे एक्स, पिवळं म्हणजे वाय. कंट्रोलरवरही त्या अक्षरांचे रंग तेच आहेत, त्यामुळे पाठ करायला काही नाही. चुकीचं बटण दाबलं किंवा काहीच दाबलं नाही तरी शत्रू मरतोच, फक्त बक्षीस कमी मिळतं. ही गेमची खरी कमजोरी आहे आणि ‘मी काही केलं नाही तरी चालतंय’ हे तुमचं वाक्य इथे बरोबर आहे. चुकीला शिक्षा हवी होती.

हेल्थ न भरण्याचं कारण मात्र इथेच दडलेलं आहे. या गेममध्ये लपून उभं राहिलं की आपोआप हेल्थ भरेल, असं होत नाही. शेवटच्या घावातून काय मिळावं हे डी-पॅडवर (कंट्रोलरवरचं चार दिशांचं बटण) आधी निवडायचं असतं : हेल्थ, फोकस (शत्रूंना मंद करायची ताकद), वाराचा जोर किंवा अनुभवाचे गुण. स्क्रीनवर त्या चार खुणा दिसतात. तुमच्या सेव्हमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या खेळात, निवड गुणांवर होती. गुण साठत गेले, हेल्थ तिथल्या तिथेच राहिली. रोजचा हिशोब सोपा ठेवा : हेल्थ निम्म्याखाली गेली की हेल्थ, भरलेली असेल तर गुण. निवड घाव सुरू करण्याआधी करायची. फोकस भरला आणि चारपाच जणांनी घेरलं, तर आरबी (आरटीच्या वरचं बटण) दाबा. सगळे मंद होतात आणि दोन कवट्या तरी हाताशी येतात. साठलेल्या गुणांतून मेनूत नवे घाव विकत घ्या. ‘तेच तेच ॲनिमेशन’ ही तक्रार त्यानेही बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

ढाली जोडून पुढे सरकायच्या प्रसंगात तुम्ही तीनदा मेलात, असं लिहिलंय. बाण सुटताना चालू नका. ढाली वर, बाण आदळू द्या, मग पुढे, मग भाले. हुकूम देताना टीव्हीकडे ओरडायची गरज नाही, तो आवाज किनेक्टसाठी, म्हणजे एक्सबॉक्सच्या कॅमेरा-माईकसाठी होता. एलबी (वरचं डावं बटण) धरला तरी चालतं.

इतिहासाबाबत तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ‘खरा इतिहास आहे’ असं आमच्या इथे काम करणाऱ्या मुलाने सांगायला नको होतं. नीरो इ.स. ६८ मध्ये मेला. कॉमोडस हा सम्राट मार्कस ऑरेलियसचा मुलगा, १८० ते १९२ या काळात एकट्याने राज्य केलेला. तो नीरोचा मुलगा असूच शकत नाही. कोलोसियमचं उद्घाटन इ.स. ८० मध्ये झालं, म्हणजे नीरोने ते कधी पाहिलंच नाही. उलट त्याच्या राजवाड्याच्या आवारातला तलाव होता त्या जागेवर ते उभं राहिलं. ब्रिटनमध्ये रोमविरुद्ध उठलेली बूडिका खरी, तिचं बंड ६०-६१ चं, पण ती आयसेनी टोळीच्या राजाची विधवा होती. गेममध्ये तिला ओस्वाल्ड नावाच्या राजाची मुलगी केलंय, आणि ओस्वाल्ड हे तर अँग्लो-सॅक्सन नाव. एक गोष्ट मात्र जुळते : नायक मारियस ज्या चौदाव्या लीजनचा (रोमन सैन्याच्या तुकडीचा) आहे, ती लीजन बूडिकाविरुद्ध खरोखर लढली होती.

राहिला प्रश्न चित्र थोडं मऊ दिसण्याचा. एक्सबॉक्स वनवर गेम ९००पी मध्ये, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी बारकाव्यात चालतो, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर तसं दिसणारच. २०१४ च्या पीसी आवृत्तीत रिझोल्यूशन वाढवता येतं. आमच्या पाच नंबरच्या पीसीवर ती आहे, कंट्रोलरसकट.

तुमचा सेव्ह पुसलेला नाही. तीन नंबरचा टीव्ही आता गेम मोडवर आहे. आल्यावर पहिली दहा मिनिटं पैसे न देता खेळून बघा, ए दाबून तीन वार सलग अडवता आले नाहीत तर पुन्हा लिहा.