टोक दिसत होतं, तरी काऊन परतलो

नमस्कार दादा,

"समुद्र तव्यासारखा सपाट, समुद्रात शिरलेलं खडकाळ टोक समोर दिसून राहिलं, अन् आठ जण काऊन परतले? एवढं भ्यायचं होतं तर आपल्या अंबाझरी तलावातच वल्हवायचं, गोव्याचं भाडं वाचलं असतं," असं तुम्ही माझ्या कयाकिंगच्या लेखावर लिहिलंत. एक आधीच कबूल करतो. लेखाला ‘समुद्रावर स्वारी’ हे नाव द्यायला नको होतं. गोव्यातल्या पाळोळेच्या अर्धचंद्राकृती किनाऱ्याच्या आतल्या आत सकाळभर कयाक फिरवल्या, त्याला स्वारी म्हणणं जरा जास्तच झालं.

पण सपाट पाण्याचं तुमचं म्हणणं पटत नाही. शाळेत पाठ केलेलं आठवा: रात्री मतलई वारे, दिवसा खारे वारे. आपण नागपूरवाल्यांनी ते परीक्षेपुरतं घोकलं आणि सोडून दिलं. जानेवारीतल्या त्या सकाळी दहा वाजून गेले तरी मतलई वारा चालूच होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यालगत लाटा उठवायला त्याला अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी गुळगुळीत. आणि वारा पाठीवर असला की तो जाणवतही नाही. वाटतं, आज आपले हातच जोरात चालून राहिले! आम्हाला तसंच वाटत होतं. तेवढ्यात गाइडने सगळ्यांना तोंडं किनाऱ्याकडे वळवायला लावली आणि पन्नास हात मारायला सांगितले. टोप्या सांभाळायची वेळ आली. एक जोडी तर पन्नास हात मारूनही जवळपास त्याच खडकासमोर. याचा फोटो लेखात नाही, कारण तेव्हा कोणाचाच हात मोकळा नव्हता.

आता टोकाचं. बाहेरून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की वळते. बाहेर आलेल्या टोकावर तिचा जोर एकवटतो आणि आतल्या बाकदार किनाऱ्यावर तोच जोर पसरून ओसरतो. म्हणजे आत जी शांतता तुम्हाला दिसते, तिच्यावरून टोकापाशी काय चाललंय याचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय खडकावर आपटून मागे फिरलेली लाट पुढून येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी जागच्या जागी उसळत राहतं. कयाकमध्ये बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर असतात, त्यामुळे हा गोंधळ अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. आणि जवळ गेल्यावर कळून उपयोग काय? म्हणून निघतानाच ठरलं होतं, सव्वाअकराला जिथे असू तिथून परत. त्यानंतर कधीही खारा वारा सुटतो, आणि आठ जणांचा वेग म्हणजे सगळ्यात हळू जोडीचा वेग. हा ठराव मी लेखात लिहायला विसरलो, त्यामुळे आम्ही ऐनवेळी घाबरलो असं तुम्हाला वाटलं असेल, तर चूक माझी.

सातलाच का निघाला नाहीत, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. मुंबईकडे तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. प्रतिपदेला ती येते पाऊण वाजता. गोव्यात भरती थोडी आधी येते, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तेव्हा किनारा आणि उत्तरेकडचं काणकोण बेट यांच्यामध्ये चालत जाता येतं, कयाक खडकांवरून ओढाव्या लागल्या असत्या. पण खरं सांगू? भरती हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं पोहे. तर्री नव्हती, तरी दोन-दोन प्लेटा झाल्या आणि निघायला पावणेनऊ वाजले.

अंबाझरीचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२३ मध्ये तिचं पाणी लोकांच्या घरात शिरलेलं आपण पाहिलं आहे. निदान नागपूरकराने तरी ‘तलावच तर आहे’ म्हणू नये. आणि आम्ही थेट समुद्रात उतरलो नव्हतो. आधी दोन रविवार रामटेकजवळ खिंडसीला गेलो, मुद्दाम कयाक उलटवली आणि पाण्यातून परत चढायला शिकलो. पहिल्या रविवारी आठांपैकी तिघांनाच जमलं. मी त्या तिघांत नव्हतो.

पुढच्या जानेवारीत सहा जण परत जाणार आहोत. या वेळी अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाची भरती आणि पाण्याची चढउतार कमी. निघायचं उजाडताच, पोहे परतल्यावर. टोकापलीकडच्या बटरफ्लाय बीचचे फोटो मिळाले तर टाकतो. नाही मिळाले तर तुम्ही परत लिहालच.