भुताचं काय राहून गेलं होतं?

घोट्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. दुसऱ्याच दिवशी भाची आली ती तिचं किंडल घेऊन. म्हणाली, "मावशी, यात सगळ्या माझ्या आवडत्या कादंबऱ्या आहेत. प्रेमकथाच, पण कुणी व्हॅम्पायर आहे, कुणी चेटकीण, कुणी काळात मागेपुढे जातंय. आधी वाच, मग बोल." वाचल्या. आता बोलते. पोस्ट मोठी आहे, आणि थोडंफार कथानक सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही. ज्यांना या कादंबऱ्या कोऱ्या मनाने वाचायच्या असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

सुरुवात 'ट्वायलाइट'पासून केली, कारण भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी शाळेत असताना या पुस्तकाची पारायणं केली होती. २००५ सालची कादंबरी. नायक एडवर्ड १९०१ मध्ये जन्मलेला, १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झालेला, आणि तेव्हापासून सतरा वर्षांचाच राहिलेला. केवढं मोठं दुःख आहे हे! आईवडील गेले, त्याचं शहर बदललं, बरोबरीची मुलं म्हातारी होऊन मेली आणि हा अजून शाळेच्या बाकावर बसलाय. मला त्याबद्दल वाचायचं होतं. लेखिका मात्र त्याच्या देखणेपणातून बाहेर पडत नाही. आणि हा मुलगा रात्री नायिकेच्या, बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो. तिला पत्ताही नसतो. पुढे तिला ते कळतं, तेव्हा आपण हरखून जावं अशी पुस्तकाची अपेक्षा आहे. मी नाही हरखले. माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या मागे एक जण वर्षभर असाच होता. ती रोज वेगळ्या बसने घरी जायची आणि स्टॉपवर उतरल्यावर आधी भावाला फोन लावायची. तिचा तो चेहरा मी पाहिलाय. पाळत ठेवण्याला प्रेम म्हणायला माझी जीभ वळत नाही, मग ठेवणारा शंभर वर्षांचा असो की पंचवीस.

'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस'मध्येही थोडं तेच झालं, म्हणून जास्त वाईट वाटलं, कारण तिची सुरुवात मला अतिशय आवडली होती. ऑक्सफर्डची बोडलियन लायब्ररी, तिथे जुनी हस्तलिखितं मागवून अभ्यास करणारी चेटकीण डायना, आणि एके दिवशी तिच्या हाती आलेली 'अ‍ॅशमोल ७८२' नावाची पोथी. लेखिका डेबोरा हार्कनेस स्वतः विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक आहेत, आणि त्या क्रमांकाचं हस्तलिखित त्या लायब्ररीतून खरोखरच गहाळ आहे. पोथी हातात घेताना, उघडताना, तिच्या पानांना स्पर्श करताना डायनाला जे जे होतं ते सगळं जिने आयुष्य जुन्या कागदांत घालवलंय तीच लिहू शकते. ग्रंथालयात वाढलेल्या कुणीही ती पहिली काही प्रकरणं वाचावीत. पण मग पंधराशे वर्षांचा व्हॅम्पायर मॅथ्यू येतो, आणि जिच्या हातून वारा सुटतो त्या बाईला हे गृहस्थ सारखं जेवायला घालतात, झोपवतात, एकटीने बाहेर जाऊ नकोस म्हणून सांगतात. एवढी शक्ती असलेली बाई आणि तिचं सगळं दुसराच ठरवणार! तिथून माझा जीव त्या पुस्तकात रमला नाही.

'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' मात्र मला सोडवत नाहीये. वाचून तीन आठवडे झाले. यातल्या हेन्रीला एक जनुकीय आजार आहे, तो अचानक वर्तमानातून गळून पडतो आणि भूतकाळात किंवा भविष्यात कुठेतरी जाऊन पोचतो. अंगावरचे कपडेसुद्धा बरोबर जात नाहीत. म्हणजे हा माणूस बायकोच्या समोरून नाहीसा होतो, जमिनीवर शर्ट-पँटचा ढीग उरतो, आणि तो जिथे जाईल तिथे उघडा, उपाशी, चोरी करून कपडे मिळवणारा. त्याची बायको क्लेअर सहा वर्षांची असते तेव्हा छत्तीस वर्षांचा हेन्री तिला प्रथम भेटतो, त्यांच्या घरामागच्या कुरणात. पुढे त्याच कुरणात ती त्याच्यासाठी एका खोक्यात कपडे ठेवू लागते. वडिलांचे जुने शर्ट, पायमोजे. एवढीशी पोरगी येणाऱ्या माणसासाठी कपडे घडी घालून ठेवते आणि वाट बघते. पुढे आयुष्यभर ती हेच करते.

लहान मुलीला भेटायला येणारा मोठा पुरुष वाचताना मी अस्वस्थ झाले, आणि ती अस्वस्थता पुस्तक संपेपर्यंत गेली नाही. तिला दुसरं कुणी आवडण्याची संधीच कुठे मिळाली, हा प्रश्न कादंबरी जेमतेम शिवते. तरीही मी ती थोर मानते, कारण अद्भुताचा भार कुणाच्या पाठीवर पडतो हे लेखिका एकदाही विसरत नाही. जातो तो. मागे राहते ती. दिवे लावून, जेवण झाकून, दाराकडे कान देऊन बसणारी बाई मी माझ्या आजोळी पाहिली आहे. तिचा नवरा बोटीवर होता एवढाच फरक.

आणि अ‍ॅडी. 'द इनव्हिजिबल लाइफ ऑफ अ‍ॅडी लारू', २०२० सालची. १७१४, फ्रान्समधलं लहानसं गाव. नको असलेलं लग्न टाळण्यासाठी अ‍ॅडी देवाची करुणा भाकते, भाकता भाकता दिवस मावळतो, आणि अंधार पडल्यावर हाकेला ओ देणाऱ्या देवांना साद घालू नकोस असं गावातल्या म्हाताऱ्या बाईने तिला बजावलेलं असतं. (हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवलं. तिन्हीसांजेला मागून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे आमच्या आजीने आम्हाला शिकवलं होतं. कुठे फ्रान्स आणि कुठे आमची वाडी.) अंधारात ओ देणाऱ्या तशाच एका देवाकडून तिला अमरपण मिळतं, पण जो तिला भेटेल तो नजरेआड होताच तिला विसरेल, अशा बोलीवर. स्वतःचं नाव तिला उच्चारता येत नाही. कागदावर रेघ ओढली तर पुसून जाते. रात्र बरोबर काढलेला माणूस सकाळी विचारतो, तू कोण? तीनशे वर्षं.

एवढ्या काळात ती एक गोष्ट शोधून काढते. तिला स्वतःचा ठसा उमटवता येत नाही, पण दुसऱ्याच्या मनात कल्पना पेरता येते. तिच्या चेहऱ्यावर सात तीळ आहेत, आणि वेगवेगळ्या शतकांतल्या चित्रांत, शिल्पांत ते सात तीळ कुठे ना कुठे उमटलेले सापडतात. करणाऱ्याला ती आठवत नाही, तीळ आठवतात. मी ही पानं दोनदा वाचली. मग २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुस्तकांच्या दुकानातला मुलगा तिला म्हणतो की मला तू आठवतेस. एवढंच वाक्य. प्रेमाच्या कबुलीची अनेक वाक्यं मी वाचली आहेत, पण इतकं साधं आणि इतकं मोठं दुसरं आठवत नाही. कादंबरी मध्ये पाणी घालून वाढवली आहे, न्यूयॉर्कचे कितीतरी प्रसंग गाळता आले असते. पण या एका वाक्यासाठी मी तिला सगळं माफ केलं.

'मेक्सिकन गॉथिक' भराभर वाचली. १९५० च्या सुमाराचं मेक्सिको, डोंगरातलं एका इंग्रज खाणमालक घराण्याचं घर, भिंतींमध्ये पसरलेली बुरशी आणि त्या बुरशीत जपून राहिलेली मेलेली माणसं. घराच्या आदल्या श्रीमंतीखाली खाणीत मेलेले मजूर आहेत, हे ती ठणकावून सांगते आणि ते मला फार पटलं. प्रेमकथा अगदी हळू आवाजातली आहे. त्या घरातला फ्रान्सिस नावाचा फिकट, भित्रा मुलगा अळंब्यांचे ठसे कागदावर उतरवत असतो, तो मला एडवर्डपेक्षा शंभर पटीने जवळचा वाटला. ज्यांनी कोकणातल्या बंद घराचं दार श्रावणात उघडलंय त्यांना त्या भिंतींचा वास पहिल्या प्रकरणापासून येईल.

आता जे मनात घोळतंय ते. या सगळ्या वाचल्यावर मला कळलं की मी प्रत्येक पुस्तकात एकच गोष्ट शोधत होते: या भुताचं काय राहून गेलंय? एडवर्डचं काही राहिलेलं नाही, म्हणून तो मला पुतळा वाटला. अ‍ॅडीचं नाव राहिलंय. क्लेअरचा सगळा संसारच राहिलाय. आणि हा प्रश्न मला त्या पुस्तकांनी दिलेला नाही, तो मी घरून नेला होता. आपल्याकडे भूत होतं तेच मुळी काहीतरी राहिलं म्हणून. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, पिंपळावर बसलेला. बाळंतपणात गेली ती हडळ. इच्छा अपुऱ्या ठेवून गेलेली सवाष्ण ती जखीण. या एकेकात एकेक अख्खी कादंबरी आहे. लग्न न झालेला मुलगा, मूल कुशीत न घेतलेली बाई. यात प्रेम नाही तर काय आहे?

आणि तरी मराठीत भुताची प्रेमकथा मी शोधते तेव्हा हाताला फार थोडं लागतं. भयकथा लिहिणारे नारायण धारप मी लायब्ररीच्या तारेने शिवलेल्या प्रतींतून वाचले आहेत, शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने 'रात्री वाचू नये' लिहिलेल्या. वाईट शक्तींशी झुंजणाऱ्या त्यांच्या 'समर्थ'वर माझा जीव आहे. पण तिथे वाईट शक्ती ही बहुतेक वेळा घालवून देण्याची गोष्ट असते आणि नवराबायकोला तिच्यातून वाचवायचं असतं. तिला काय हवं होतं हे विचारायला कुणाला सवड नसते. रत्नाकर मतकरींनी आपल्या कथांना गूढकथा म्हटलं आणि ते माणसाच्या मनात खोल उतरले, पण तिथलं मन बहुधा अपराधाने किंवा भीतीने पछाडलेलं. सुहास शिरवळकरांची 'समांतर' म्हणजे आपलं आयुष्य दुसऱ्या कुणीतरी आधीच जगून ठेवलंय ही कल्पना. २०२० मध्ये तिच्यावर वेब सिरीज आली तेव्हा भाचीच्या वयाची मुलं मूळ पुस्तक शोधत होती याचा मला आनंद आहे. प्रेम तिथेही कडेला.

दुसरीकडे प्रेमकथा लिहिणाऱ्यांना आपण कधी मानानं वागवलंच नाही. मामीच्या गादीखाली चंद्रकांत काकोडकर असायचे, कपाटात नाही. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' थिएटरात गर्दी खेचत होता. म्हणजे लोकांना हवं होतं, पण गादीखाली. ज्या वाङ्मयाला आपण गादीखाली ठेवलं त्यात धाडस करून कुणी मुंजाची प्रेमकथा लिहिली असती तरी छापली कुणी असती?

माझ्या आजोबांच्या दहाव्याचं सांगते. वेंगुर्ल्याजवळची वाडी, ओढ्याकाठी पिंड ठेवलेले. मी नऊ-दहा वर्षांची, लांब आंब्याखाली उभी. कावळे वरच्या फांदीवर येऊन बसलेले, पण खाली उतरायला तयार नाहीत. धाकटा मामा म्हणाला, कर्ज मी फेडीन. नाही. दुसरा म्हणाला, बहिणीचं लग्न अडू देणार नाही. नाही. जमिनीचं बोलून झालं, देवाच्या नवसाचं बोलून झालं. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. मग थोरला मामा, जो फारसा बोलायचा नाही, तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाबानू, आवशीक सुरंगीचे वळेसर मी हाडून दितलंय." म्हणजे आईला सुरंगीचे गजरे मी आणून देईन.

आजोबा सुरंगीच्या दिवसांत बाजारातून येताना रोज आजीसाठी वळेसर आणायचे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं. आता आजी ते माळणार नव्हती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

कावळा उतरला. योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. घरी आल्यावर कुणीतरी आजीला हे सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त फुंकणी खाली ठेवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मामा पुढे अकरा वर्षं, आजी जाईपर्यंत, दर हंगामात वळेसर आणत राहिला. ती ते हातात घ्यायची, वास घ्यायची आणि आजोबांच्या चष्म्याच्या डबीवर ठेवायची. दुपारपर्यंत ती खोली त्या वासाने भरलेली असायची आणि आम्हाला तिथे दंगा करायची बंदी होती.

मला ही कादंबरी मराठीत वाचायची आहे. व्हॅम्पायर नको, तो आपला नाही आणि त्याचं आपल्याकडे काही अडलेलंही नाही. मला आरवलीच्या वेतोबाच्या मुलखातली कादंबरी हवी आहे, जिथे देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात असं लोक मानतात. तिथला मुंजा, तिथली जखीण, त्यांना काय हवं होतं ते. भीती असू दे, पण त्यांना हाकलून लावण्याआधी कुणीतरी थांबून विचारणारं असू दे. त्यात नायिका बँकेत नोकरी करणारी असली तरी चालेल, चाळिशीतली असली तरी चालेल. तिला कुणी झोपेत बघत बसू नये एवढंच.

हल्ली मोबाइलवर क्रमशः लिहिणाऱ्या मुली खूप आहेत, मी त्यांचंही वाचते. त्यातल्या काही जणींच्या हातात ताकद आहे, पण रोज एक भाग टाकायच्या घाईत नायक पुन्हा तोच होतो, गाडीवाला, रागीट, हुकूम सोडणारा. बायांनो, तुमच्या आज्यांना विचारा. तुमच्या गावच्या पिंपळावर कोण आहे, ते आधी विचारा.

आणि अशी मराठी कादंबरी कुणी आधीच लिहिली असेल आणि माझ्याच वाचनातून सुटली असेल तर कृपा करून खाली नाव लिहा. प्लॅस्टर निघायला अजून बारा दिवस आहेत. भाची रविवारी लायब्ररीत जाणार आहे, यादी तिच्याकडे देते.