‘नव्या फोनला रेंज नाही, म्हणजे अँटेना कमजोर’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गणपतीच्या आसपास कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: कंपन्या आता नव्या स्मार्टफोनमध्ये हलक्या प्रतीचा अँटेना बसवतात, म्हणून गावी आल्यावर जुन्या फोनला चार दांड्या दिसतात आणि नव्याला एक-दोन, ५जी फोन ४जी नीट पकडतच नाहीत, पावसाळ्यात ते ओलावा धरतात, घरातला वायफायही त्यांना कमी मिळतो आणि दोष फोनचाच असल्याचा हा पुरावा आहे, तेव्हा मागे ॲल्युमिनियमची फॉइल लावा किंवा सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवा, नाहीतर सात दिवसांच्या आत फोन परत करा. संदेश लिहिणाऱ्याचा त्रास खरा आहे. कष्टाचे हजारो रुपये मोजून घेतलेला फोन माजघरात मुका होतो, तेव्हा राग येणारच. परंतु त्या रागातून काढलेले जवळजवळ सगळे निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांवर विसंबून लोक चांगले फोन परत करतात, निरुपयोगी वस्तू विकत घेतात आणि जिथे तक्रार करायला हवी तिथे करतच नाहीत.

पहिला दावा दांड्यांचा. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचे कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. प्रत्येक उत्पादक ते आपापल्या पद्धतीने ठरवतो आणि सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात बदलूही शकतो. २०१० साली ॲपलने आयफोन ४ च्या बाबतीत जाहीरपणे मान्य केले होते की, दांड्या दाखवण्याचे त्यांचे सूत्रच चुकीचे होते आणि अनेकदा प्रत्यक्षापेक्षा दोन दांड्या जास्त दिसत होत्या. त्याच फोनला विशिष्ट पद्धतीने हातात धरल्यावर सिग्नल घटण्याची अडचणही होती, आणि कंपनीने ग्राहकांना मोफत कव्हर दिले. म्हणजे अँटेनाचे दोष असू शकतात हे कोणी नाकारत नाही. पण ते दांड्यांवरून कळत नाहीत. खरे मोजमाप डीबीएम या एककात असते आणि ते बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’खाली सिमच्या स्थितीत दिसते. तो आकडा ऋण असतो. ४जीच्या बाबतीत ढोबळपणे उणे ९० किंवा त्याहून वरचा, म्हणजे शून्याकडचा, आकडा चांगला, आणि उणे ११० च्या खाली गेल्यावर अडचणी सुरू होतात. या मापात ३ चा फरक म्हणजे शक्ती निम्मी किंवा दुप्पट, १० चा फरक म्हणजे दहापट आणि २० चा फरक म्हणजे शंभरपट. त्यामुळे दोन फोनमध्ये दोन दांड्यांचा फरक दिसत असताना प्रत्यक्ष सिग्नल सारखाच असू शकतो, आणि दांड्या सारख्या असतानाही तो कितीतरी पट वेगळा असू शकतो.

दांड्यांविषयी आणखी एक गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. दांड्या फक्त टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवरवरील यंत्र कित्येक वॅटने प्रक्षेपण करते, तर ४जी फोनची प्रक्षेपणाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ०.२ वॅट असते. खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर टॉवर असेल आणि मध्ये मोकळे पाणी असेल, तर अलीकडच्या वाडीत त्याचा सिग्नल येतो, दांड्या दिसतात, आणि तरीही कॉल लागत नाही किंवा समोरच्याला आपले बोलणे तुटक ऐकू येते, कारण फोनचा क्षीण प्रतिसाद तिथवर नीट पोहोचत नाही. अशा जागी फोन पूर्ण जोर लावून प्रक्षेपण करत राहतो, म्हणून तो तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. संदेशात ‘फोन तापतो’ हेही निकृष्टतेचे लक्षण म्हणून सांगितले आहे. ते बहुधा दूरच्या टॉवरचे लक्षण असते.

याच संदेशातले एक वाक्य त्याच्याच विरोधात जाते. ‘मुंबईत हाच फोन उत्तम चालत होता, गावी आल्यावर बंद पडला,’ असे त्यात म्हटले आहे. कशेडीचा घाट उतरताना फोनमधला अँटेना बदलत नाही. मुंबईत टॉवर एकमेकांच्या जवळ असतात. कोकणात गाव म्हणजे एक सलग वस्ती नसून डोंगर-दऱ्यांत विखुरलेल्या वाड्या असतात, आणि बाजारपेठेतल्या टॉवरचा सिग्नल वरच्या वाडीवर पोहोचेलच असे नाही. शिवाय गणपतीत चाकरमानी आले की, एरवी मोजक्या लोकांना पुरणाऱ्या टॉवरवर अचानक कितीतरी पट फोनचा भार येतो. तेव्हा दांड्या भरलेल्या असूनही व्हिडिओ कॉल अडकतो आणि दर्शनाचा फोटो पाठवायला अर्धा तास लागतो. तो सिग्नलचा नव्हे, क्षमतेचा प्रश्न आहे, आणि त्या दिवसांत फोन बदलून तो सुटणार नाही.

दुसरा दावा ५जीचा आहे. यात सत्याचा एक अंश आहे, म्हणून त्याला थोडे अधिक सविस्तर उत्तर द्यायला हवे. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिचा मुख्य बँड, म्हणजे लहरींचा ठरवून दिलेला पट्टा, ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे. ४जी मात्र मुख्यतः ८५० व ९०० पासून १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या बँडवर चालते. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर असते, तर ८५० मेगाहर्ट्झची सुमारे ३५ सेंटीमीटर. लांब लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात, भिंतीतून आणि झाडोऱ्यातून अधिक पार होतात. आखूड लहरींना ते तितके जमत नाही, पण त्या माहिती जास्त वाहून नेतात. आता एकाच ओटीवर दोन फोन ठेवले, जुना ८५० मेगाहर्ट्झवरचे ४जी दाखवतो आहे आणि नवा ३५०० मेगाहर्ट्झवरचे ५जी, तर नव्याच्या दांड्या कमी दिसणे स्वाभाविक आहे. ही दोन अँटेनांची तुलना नाही, दोन वेगळ्या लहरींची आहे. त्याच नव्या फोनमध्ये सेटिंगमधून ४जी हा पर्याय निवडला की बहुतेक वेळा दांड्या परत येतात, आणि जिथे ५जी काठावर आहे तिथे तसे करणे शहाणपणाचेही आहे, कारण दोन्हींमध्ये सतत ये-जा करण्यात फोनची शक्ती वाया जाते.

खरा दोष जिथे सापडू शकतो ती जागा वेगळी आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीपट्ट्यात, आखातात नोकरीला असलेल्या माणसाने आणलेला फोन घरोघरी असतो. परदेशी बाजारासाठी तयार केलेल्या फोनमध्ये भारतात वापरले जाणारे सगळेच बँड असतील असे नाही. ७०० मेगाहर्ट्झचा बँड भारतात २०२२ च्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला आणि ग्रामीण भागात दूरवर पोहोचण्यासाठी तोच सर्वांत उपयोगी आहे. फोनमध्ये तो नसेल तर शेजाऱ्याला रेंज मिळते आणि आपल्याला नाही, असे होऊ शकते. काही फोनमध्ये बँड असूनही भारतीय कंपनीच्या जाळ्यावर ४जीवरून बोलण्याची सोय सुरू झालेली नसते. जिओकडे २जी किंवा ३जी जाळे नसल्यामुळे अशा फोनवर त्यांच्या सिमचे इंटरनेट चालते, पण साधा कॉल लागत नाही. फोन घेण्यापूर्वी त्याच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचे बँड उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहणे, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकालाही ते पाहायला सांगणे, हा सल्ला फॉइलपेक्षा कितीतरी मोलाचा ठरला असता.

तिसरा दावा पावसाचा. मोबाइलच्या लहरी ज्या बँडवर चालतात तिथे मुसळधार पाऊसही एका किलोमीटरमागे सिग्नल नगण्य प्रमाणातच घटवतो. पावसाचा खरा अडथळा सुमारे १० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे १०,००० मेगाहर्ट्झच्या, वरच्या लहरींना होतो, म्हणूनच जोराची सर आली की छतावरच्या डिशचा टीव्ही जातो. तरीही आषाढात रेंज जाते, हा कोकणी माणसाचा अनुभव खोटा नाही. त्याची कारणे मात्र फोनच्या बाहेर आहेत. वारा-पावसात वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, आणि डिझेल जनित्र नसेल किंवा त्याला इंधन पोहोचले नसेल तर टॉवर गप्प होतो. दरडी, रस्त्यांची खोदकामे आणि उन्मळलेली झाडे यांनी टॉवरला जोडणारी फायबर केबल तुटते. दोन टॉवरना जोडणारे सूक्ष्मलहरींचे दुवे अनेकदा याच वरच्या बँडवर असतात, आणि ते पावसात खरोखरच कमजोर होतात. भर म्हणून ओली पाने लहरी अधिक शोषतात, आणि आपली वाडी आंबा, काजू, माड-पोफळींनी वेढलेली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत कित्येक दिवस कोणाचाच फोन लागत नव्हता, आणि माणसे जिवंत आहेत की नाहीत हे मुंबईतल्या नातेवाइकांना कळत नव्हते. त्या काळात जुने-नवे सगळेच फोन मुके होते. एवढा कडू अनुभव गाठीशी असताना आपण अजूनही फोनच्या अँटेनावर वाद घालतो आणि टॉवरच्या विजेच्या सोयीविषयी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चौथा दावा असा की, वायफायही कमी मिळतो, तेव्हा फोनच खराब. उलट, मोबाइल आणि वायफाय यांचे अँटेना सहसा वेगळे असतात. एकाच खोलीत दोन्ही एकदम मंदावत असतील तर संशय आधी खोलीवर घ्यावा. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड असते, तो दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरतो, आणि ओली भिंत लहरींना कोरड्यापेक्षा जास्त अडवते. पूर्वीचे कौलारू छप्पर लहरींना बरीच वाट देत असे; त्याच्या जागी आलेला धातूचा पत्रा त्यांना जवळपास पूर्ण परतवतो. फोन पडवीत किंवा अंगणात नेल्यावर सुधारत असेल तर अँटेना बहुधा ठीक आहे. वायफायमध्येही दांड्यांसारखीच फसवी तुलना होते: जुना स्वस्त फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, नवा आपणहून ५ गिगाहर्ट्झ निवडतो, जो वेगवान असला तरी चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे फारसा टिकत नाही. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि आतल्या खोलीत फोन २.४ वर जोडावा. राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. घरी ब्रॉडबँड असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल करण्याची सोय, सुरू करावे. ही सेवा भारतात २०१९ च्या अखेरीपासून उपलब्ध झाली आणि ज्या घरात मोबाइलची रेंज शिरत नाही तिथे तिचा मोठा आधार आहे, मात्र राउटर इन्व्हर्टरवर असायला हवा.

फॉइलबद्दल थोडक्यात: धातूचा पातळ कागद लहरी अडवतो, म्हणून अँटेनाजवळ लावलेली फॉइल बहुतेक वेळा नुकसानच करते, धातूच्या कव्हरचेही तेच. बाजारातले ‘सिग्नल स्टिकर’ काहीच करत नाहीत. बूस्टरचा सल्ला मात्र नुसता चुकीचाच नाही, तर घातकही आहे. परवानगीशिवाय मोबाइल बूस्टर बसवणे बेकायदेशीर आहे, आणि असे यंत्र टॉवरच्या ऐकण्यात गोंधळ घालून एका घराच्या सोयीसाठी साऱ्या वाडीची रेंज बिघडवू शकते.

राहिला फोन परत करण्याचा मुद्दा. फोन सदोष असू शकतो, विशेषतः तो पडला असेल किंवा बाहेर कुठे उघडला गेला असेल तर, आणि तसे असल्यास ग्राहकाने जरूर भांडावे. पण आधी एक साधी परीक्षा करावी. तेच सिम दोन फोनमध्ये आळीपाळीने घालावे, दोन्ही ४जीवर ठेवावेत, कव्हर काढून एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवावेत आणि काही मिनिटांनी डीबीएमचा आकडा लिहावा. हे घरात, अंगणात आणि बाजारपेठेत टॉवरजवळ, अशा तीन ठिकाणी करावे. दोन-चारच्या फरकाला अर्थ नाही, तो हात हलवल्यानेही पडतो. दोन्ही फोन एकाच बँडवर असताना नवा फोन तिन्ही ठिकाणी सातत्याने १० किंवा त्याहून अधिक मागे राहिला, तर ते आकडे घेऊन सेवा केंद्रात जावे.

दोन्ही फोन सारखेच मागे असतील तर दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही, कारण तक्रार सेवा देणाऱ्या कंपनीकडे करायची आहे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या परिसरातले टॉवर पाहता येतात, आणि दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर दाखवणे बंधनकारक आहे. नकाशात आपली वाडी रंगवलेली असेल आणि प्रत्यक्षात उणे ११८ मिळत असेल, तर तक्रारीसाठी तो भक्कम आधार आहे. १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, वाडीचे नाव, वेळ आणि आकडे सांगावेत, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, आणि निवारण झाले नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. एकाच वाडीतल्या दहा घरांनी अशा दहा नोंदी केल्या आणि ग्रामपंचायतीने त्या एकत्र करून पाठवल्या, तर ती मागणी फोनच्या नव्हे, टॉवरच्या नावाने नोंदली जाईल.