बॅरल कुठलं, ते आधी सांगा

लहान ब्रुअरींवरचा (म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांवरचा) तुमचा लेख आवडला, पण त्यातल्या जगभरच्या ब्रुअरींच्या तक्त्यात उत्पादन एके ठिकाणी बॅरलमध्ये, दुसरीकडे हेक्टोलिटरमध्ये (1 हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर) अशी खिचडी झालीये. अमेरिकन बॅरल साधारण 117 लिटरचं, ब्रिटिश जवळपास 164 लिटरचं. नुसतं 'बॅरल' लिहिलं की हिशेब चुकलाच म्हणून समजा.

आणि 'लहान' कोणाला म्हणायचं, हा तर निव्वळ सोयीचा मामला. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या (बिअर बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या) लेखी वर्षाला 15,000 बॅरलच्या आतली ती मायक्रोब्रुअरी. इथपर्यंत ठीक. पण त्यांच्या 'क्राफ्ट' ब्रुअरीच्या (लहान, स्वतंत्र ब्रुअरीच्या) व्याख्येतला 'लहान' थेट 60 लाख बॅरलपर्यंत जातो! आधी ही मर्यादा 20 लाख होती. सॅम्युअल अ‍ॅडम्सवाली बोस्टन बिअर कंपनी ती ओलांडायच्या बेतात आली, तेव्हा 2010-11च्या सुमारास वाढवली. मूल मोठं झालं म्हणून अंगडंच उसवलं, दुसरं काय.

युरोपियन युनियनमध्ये अबकारी करात सवलत मिळणारी छोटी ब्रुअरी म्हणजे वर्षाला 2 लाख हेक्टोलिटरपर्यंतची. 60 लाख अमेरिकन बॅरल म्हणजे सुमारे 70 लाख हेक्टोलिटर; म्हणजे अमेरिकेतला 'लहान' युरोपातल्या 'लहान'च्या पस्तीस पट.

जपानचा उल्लेख मात्र हवा होता. तिथे 1994 पर्यंत वर्षाला किमान 2,000 किलोलिटर बिअर काढणाऱ्यालाच परवाना मिळे. ती अट 60 किलोलिटरवर आली आणि गावोगावची 'जि-बिरू', म्हणजे स्थानिक बिअर, सुरू झाली.

जाता जाता, आपण पुण्यात ज्याला मायक्रोब्रुअरी म्हणतो, तिथल्या तिथे गाळून तिथेच पाजणारी, तिला अमेरिकेत ब्रूपब म्हणतात.