न फिरवल्यामुळे

भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का कुजली, या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर शाळेत पाठ केलं होतं. चौथा प्रश्न वैशाखात बांधावर उभं राहून आबांनी विचारला. "तवा एकाच अंगानं का झिजला?"

उसाचा खोडवा मोडून रान नांगरलं होतं. ढेकळं फोडायला ट्रॅक्टरला डिस्क हॅरो लावला. त्याच्या खोलगट लोखंडी थाळ्यांना आमच्याकडं तवे म्हणतात. पुढं सात खाचेचे तवे, मागं सात साधे. दोन तासं गेल्यावर मागं वळून बघतो तर पुढचे तवे गुण्यागोविंदानं फिरतायत आणि मागचे सातही लग्नातल्या व्याह्यासारखे बसून. फिरायचं नाव नाही, नुसती माती पुढं ढकलत यायची. हॅरो उचलून हातानं फिरवायला गेलो तर आतून एकदा 'कर्र' झालं आणि मग तेही बंद. बेअरिंग जाम. जमिनीवर घासून घासून तव्यांची एक कड सपाट झालेली, कुणी भाकरीचा कोर मोडून खाल्ल्यासारखी. घेताना बावीस इंची होते, आता त्या सपाट कडेपासून समोर मोजले तर अठराच्या वर टेप जाईना.

"ग्रीस कधी मारलं होतंस?" आबांनी विचारलं. मी ग्रीसगन शोधायला गोठ्यात गेलो. ती खिळ्याला होती, पण तिच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. घर जुनं होतं. मी तसाच परत आलो आणि विषय बदलला.

सातही तवे एकाच चौकोनी दांड्यात ओवलेले असतात. एक तवा, एक स्पूल म्हणजे दोन तव्यांत अंतर ठेवणारी नळी, परत तवा, परत स्पूल, मध्ये बेअरिंगची घरं, आणि या सगळ्या माळेला शेवटी एकच मोठा नट. म्हणजे काहीही बदलायचं म्हटलं तरी आधी तो नट. आणि इथंच घोडं पेंड खातं. रात्रभर डिझेल पाजलं. सकाळी पान्याला पाच फुटी पाइप घालून लोंबकळलो. नट जागेवर, हॅरोच ओंडक्यावरून सरकला. एव्हाना लिंबाखाली चार माणसं जमली होती. कुणाच्याही लग्नाला इतक्या वेळेवर न येणारी.

एकानं सांगितलं, आटे उलटे असतील. दुसरा म्हणाला, छे, सुलटेच. मी दोघांचाही मान राखून दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं. आटे सुलटे निघाले, पण तोवर उलट्याच्या नादात मी नट आणखी पाव आटा आवळून ठेवला होता. शेवटी वेल्डिंगवाला गॅस घेऊन आला, नट लाल केला, आणि दोनच दणक्यांत सोडवला. पैसे घेताना तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

बेअरिंग उघडलं तेव्हा आत ग्रीस नव्हतंच. करपलेल्या पिठल्याच्या खरवडीसारखं काहीतरी होतं. पिंजरा तुटलेला, गोळ्या गंजून रिंगणाला चिकटलेल्या. त्यातल्या दोन सुट्या झालेल्या पुतण्याच्या पोरानं गोट्या म्हणून लांबवल्या. या सगळ्या प्रकरणात फायदा झालेला तेवढा एकच माणूस.

तालुक्याच्या दुकानदारानं नंबर विचारला. नंबर गंजात गेलेला. मी पिशवीतून ते कलेवर काढून काउंटरवर ठेवलं. त्यानं कॅलिपर लावला, "पंचावन्न" म्हणाला आणि लगेच "बासष्ट-अकरा." माझं तोंड बघून त्यानं समजावलं, शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं, अकरा पंचे पंचावन्न, तेवढं मिलिमीटर आतलं भोक. पाढ्यांचा असा उपयोग मास्तरांनी सांगितला असता तर मी तेव्हाच पाठ केले असते. बेअरिंगं घेतली, सात नवे तवे घेतले, घरी आलो. सील विसरलो. परत चाळीस किलोमीटर.

माघारी येईस्तोवर दुपार. लोखंड असं तापलेलं की तवा हे नाव उगाच पडलं नाही हे तळहाताला कळलं. तवा, स्पूल, तवा, स्पूल. ग्रीस तर एवढं भरलं की बाहेर ओघळायला लागलं. पाइप घालून नट आवळला, लॉकपत्ती ठोकून वाकवली. हातानं ढकललं तर सातही तवे आवाज न करता गरगर फिरले. मी बायकोला हाक मारून दाखवलं. "अहो, फिरणारच की, त्याचसाठी आणलंय ना?" ती म्हणाली आणि आत गेली. जुने सपाट तवे मात्र तिनं भंगारात घालू दिले नाहीत. एक आता चुलीवर आहे.

लिंबाखालची माणसं घरी गेली होती. आबा तेवढे राहिले होते. ते हॅरोच्या मागं उकिडवे बसले, एक डोळा मिटला, आणि रांगेकडं बघत बराच वेळ गप्प राहिले.

"बाकी काम झ्याक झालंय," ते म्हणाले. "तो मधला चौथा तवा तेवढा फिरव. त्याचं पोट भलत्याच बाजूला आलंय."

मी पाइप आणायला उठलो.