टीव्हीचा चातुर्मास

आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचं जे जे होईल ते गळ्याशी येईपर्यंत खायचं आणि मग थेट कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. घरादाराने टीव्ही सोडायचा असेल तर पद्धत हीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. नवमीला सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत डोळे चुरचुरेस्तोवर बघून घ्या. अजीर्ण झाल्याशिवाय उपास लाभत नाही.

मुहूर्तही हाच बरा. मार्चअखेरीपासून मेपर्यंत आयपीएल असते. त्या दिवसांत टीव्ही सोडायला निघालेल्या घरात माणसं एकमेकांना सोडून जातात. फक्त संकल्प करताना ‘चार महिने’ म्हणायचं की ‘कार्तिकीपर्यंत’, ते पंचांग बघून ठरवा. 2023 साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. वांग्यावाचून पाचवा महिना निघतो. मालिकेवाचून निघेलच असं नाही.

आता कामाचं. डीटीएच किंवा केबल काही काळ बंद ठेवायची सोय ‘ट्राय’ या सरकारी दूरसंचार नियामकाच्या 2017च्या नियमांत आहे, पण निदान 15 दिवस आधी कळवावं लागतं आणि बंदही पूर्ण महिन्यांच्या हिशेबानेच ठेवता येते. थोडक्यात, वैराग्य नेमकं कोणत्या तारखेला येणार हे पंधरवडाभर आधी ठाऊक हवं. रात्री साडेनऊला मुलाच्या हातातला रिमोट हिसकावताना येतं ते वैराग्य या नियमात बसत नाही.

नुसतं रिमोटचं लाल बटण दाबून टीव्ही सुटत नाही. सेट-टॉप बॉक्स झोपेतही वीज खातो. 10 वॅटचा धरला तर चोवीस तासांच्या हिशेबाने 30 दिवसांत 7.2 युनिट. आणि 50 वॅटचा 32 इंची टीव्ही रोज पाच तास पाहिला तर महिन्याला 7.5 युनिट. झोपलेल्या बॉक्सचं आणि जाग्या टीव्हीचं जेवण जवळपास सारखंच! तेव्हा दोन्ही प्लग बाहेर काढा. रिमोटमधले सेलही काढा, नाहीतर ते आत पाझरतात, स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं होतं आणि पारण्याच्या दिवशी रिमोट मुका निघतो. वायरी सोडवण्याआधी मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठे, हे घरात ज्या एकाच माणसाला कळतं तो नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

टीव्ही भिंतीवरून उतरवायचा असेल तर दोन माणसं लागतात. खाली अडकवणारे स्क्रू असतील तर आधी ते सैल करा, मग खालची कड जराशी पुढे ओढून सगळा टीव्ही वर उचला. ठेवताना मात्र उभाच ठेवा. दिवाणात गाद्यांखाली आडवा सारलेला टीव्ही चार महिन्यांनी फुटक्या आरशासारखा बाहेर येतो. स्क्रू पिशवीत घालून टीव्हीच्याच पाठीला चिकटवा. ‘नीट जागी ठेवलेले’ स्क्रू आजवर कुणालाही परत मिळालेले नाहीत.

इथवर सोपं होतं. खरी अडचण सोफ्याची. आपल्याकडचा हॉल टीव्हीकडे तोंड करून बांधलेला असतो. टीव्ही गेला की कुटुंब चार खिळ्यांच्या भोकांकडे बघत ओळीने बसतं, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, “भिंतीला ओल आलीय का हो?” त्यामुळे सोफा फिरवून समोर खुर्च्या मांडणं अत्यावश्यक आहे. सोफा जड असतो, आणि फिरवताना घरातल्या प्रत्येकाची कंबर दुखत असते.

संध्याकाळचे सात ते साडेदहा हा पट्टा कठीण. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 साली यावर तोडगा काढला: सातला भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. त्यातली मेख अशी की अख्खं गाव बंद असतं. तुमच्या शेजाऱ्यांचा टीव्ही चालूच राहणार, आणि भिंत सामायिक. पाचव्या दिवसापर्यंत आजी भिंतीला पाठ टेकून वाती वळायला लागतात. पाठीला बरं वाटतं म्हणतात. त्यांना हटकू नका. वातीही होतात आणि कोण कुणाच्या वाइटावर आहे याचा घराला पत्ताही राहतो.

मोबाइल हा या उपासाचा साबुदाणा. चालतो की नाही यावर एकमत नाही, पण खातात सगळे. एका टीव्हीच्या जागी पाच माणसांचे पाच फोन आले की एकादशी दुप्पट खाशी झालीच म्हणून समजा. रात्री सात ते साडेदहा फोन एका टोपलीत ठेवायचे, आणि टोपली फ्रिजवर. उंच माणसाच्या घरात फ्रिजवर ठेवून उपयोग नाही.

जेवणाचंही सांगून ठेवतो. टीव्हीसमोर जेवताना ताटात काय आहे हे कुणी बघत नसतं. आता बघतात. पहिल्या आठवड्यात आमटीला मीठ कमी असल्याच्या तक्रारी वाढतात. ते पूर्वीही कमीच होतं. स्वयंपाक करणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये आणि मिठाचं भांडं मध्ये ठेवावं.

आणि हा उपास पावसाळ्यातला. कोकणात असाल तर बंद टीव्ही दमट होतो, त्याला आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालू करून ऊब द्यावी. म्हणून माझ्या मते कोकणात टीव्ही भिंतीवरून काढूच नये. सिग्नल नसल्याने पडद्यावर फक्त एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगते. तीही बघायला माणसं बसतात. कोपऱ्याला टेकली की टाळ्या पडतात.

पारण्याला रिचार्ज केल्या केल्या चित्र येत नाही. बॉक्स चालू करून एकच चॅनल लावून ठेवायचा आणि परवानगीचा सिग्नल येईपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात सोफा परत फिरवून घ्या. या वेळी कुणाचीही कंबर दुखत नसते. आजीसुद्धा एक कोपरा धरतात.